सुट्टीच्या दिवशीचा खोकला

कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांचा खोकला ओळखायची एक रीत आहे. बाजाराला सुट्टी असते त्या रविवारी खोकला थांबला, तर तो मिरचीचा. नाही थांबला, तर बाईला दवाखान्यात न्या. कोण्या शहाण्याने काढली देव जाणे, पण सारे डोळे झाकून मानतात.

सिंधूताई तिथेच बसायची. बिडी सोडा, तंबाखूलाही तिने कधी हात लावला नव्हता. तिचा नवरा धोंडबा बाजारातल्या सुमंतशेटची गाडी चालवायचा. बायकोच्या गळ्याची हाडं वर आली, तसा हा दर रविवारी घरात कान लावून बसू लागला. रविवारी ती एकदाही खोकत नसे आणि याचा जीव भांड्यात पडे.

एका रविवारी तो विसरलेला मोबाइल घ्यायला घरी परतला. मोरीत नळ सोडलेला होता आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून सिंधू खोकत होती. पदराला रक्त लागलं होतं.

"काहून लपवलं वं?" धोंडबाने नळ बंद केला.

"आपल्या मोनालीचं लगन होऊ द्या म्हटलं. मंग सांगनारच होती."

"आग लागो त्या लगनाले!"

मग तपासण्या झाल्या. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. धोंडबाची झोप उडाली, पण एक आशा होती. शेटाणी शोभाताईंना हाच आजार झाला होता आणि ऑपरेशन होऊन त्या आता रोज बागेत फिरायला जात. सिंधूचंही तसंच होईल, असं तो उठता-बसता स्वतःला बजावत राहिला.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी खुर्ची ओढून जवळ बसून सांगितलं. आजार हाडांपर्यंत गेलाय, ऑपरेशन आता नाही जमणार, औषधं सुरू करू.

बाहेर बाकावर बसल्यावर सिंधूनं विचारलं, "मोनालीचे बाबा, शोभाताईचं कसं जमलं मंग?"

"त्यायले लवकर आनलं होतं. दोन हप्ते खोकल्या अन् लगेच आनलं."

"कोनं आनलं?"

धोंडबाला तिच्याकडे पाहायची हिंमत काही होईना.

"मीच आनलं," तो म्हणाला. "शेटच्या गाडीत."