तानबाचा हात

लक्ष्मणराव आमच्या मिलच्या हॉकी टीमचे कोच झाले, तेव्हा त्यांचा उजवा डोळा निम्मा गेलेला होता. हे मिलमध्ये फक्त मला ठाऊक होतं. तरुणपणी नागपुरात ते पगार घेऊन हॉकी खेळायचे. पुढे गुडघे गेले, खेळ सुटला, पोट तेवढं मागे राहिलं. चोपन्न साली मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं आणि मिलच्या चाळीत एक खोली दिली.

मी गोलकीपर. सरावात ते मला चेंडू मारायचे, तो सांगितलेल्या जागेपासून दोन-दोन हात लांब जायचा. एकदा चहा बशीऐवजी धोतरावर ओतला, तेव्हा त्यांनी स्वतःच कबूल केलं.

"श्रीधर, कोणाले सांगू नको बापा. दुसरं काम मले येत नाई."

मी काही मोठ्या मनानं गप्प बसलो नाही. टाइम ऑफिसातली माझी कारकुनी हॉकीच्याच जिवावर होती. कोच गेला की टीम गेली, आणि टीम गेली की मला कुत्रं विचारणार नव्हतं.

लक्ष्मणरावांचा हुकमी डाव म्हणजे छोटा कॉर्नर. गोलाच्या रेषेवरून चेंडू यायचा, एकानं तो हातानं अडवायचा (तेव्हा नियमात ते चालायचं) आणि दुसऱ्यानं तिथंच तडाखा हाणायचा. इतर टीमांत चेंडू थांबताच हात उचलत. आमच्याकडे नियम वेगळा होता. मारणारा 'सोड' म्हणेपर्यंत हात चेंडूवरच ठेवायचा, म्हणजे चेंडू तसूभर हलत नाही. आपल्या काठीनं कोणाचं नखही दुखावलं नाही, असं लक्ष्मणराव सांगत. ते खरंही असेल, पण तेव्हा त्यांना दोन डोळे होते.

आमच्या टीममधला हा हात तानबाचा. तानबा देवळीचा, मिलमध्ये विणकर. तुटलेला धागा तो डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडायचा. घरातली सहा माणसं त्या बोटांवर जेवत होती.

फायनलच्या दोन दिवस आधी सरावात कॉर्नर मारणाऱ्या मोतीलालचे फटके काही बसेनात. लक्ष्मणराव चिडले, त्याच्या हातातली काठी ओढून स्वतः उभे राहिले. मी समोर गोलात होतो. 'तानबा, ऊठ' एवढंच ओरडायचं होतं. मी तोंडात गुळणी धरून उभा राहिलो.

तानबानं चेंडू अडवला, हात तसाच ठेवला आणि 'सोड'ची वाट पाहिली. शब्दाआधी काठी आली. हाडांचा आवाज मला गोलात ऐकू आला.

मॅनेजरसाहेबांनी चौकशी केली. लक्ष्मणराव खाली मान घालून म्हणाले, "त्यानं हात हलवला." साहेबांनी मला विचारलं. मी हो म्हणालो. त्या एका शब्दानं माझी खुर्ची वाचली आणि लक्ष्मणरावांची खोली वाचली.

फायनल आम्ही हरलो. तानबाची तीन बोटं वाकडी जुळली. त्याला मागावरून काढून सरकी-कचरा झाडायला लावलं, पगार निम्मा झाला.

दोन महिन्यांनी तो झाडू घेऊन माझ्या खिडकीशी आला.

"श्रीधरबाबू, तुमी समोरच होते. मी खरंच हात हलवला का हो? मले त काईच आठवत नाई. रोज इचार करून राह्यलो."

तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. त्याच्या मागे कोणी नव्हतं, साहेबही नव्हते.

"हलवलास," मी म्हणालो.

तानबानं मोठा श्वास सोडला. "मंग बरं झालं इचारलं. मी उगाच मनात त्यायलेच दोष देत होतो. पाप लागलं असतं."

त्याच संध्याकाळी तो ग्राउंडवर आला आणि सगळ्या टीमसमोर लक्ष्मणरावांच्या पायांवर डोकं ठेवून त्यानं माफी मागितली. लक्ष्मणराव पाय मागे घेईनात, की त्याला उठवीनात. ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले. मी गोलात जाऊन उभा राहिलो.