तीन कोपऱ्यांची ताडपत्री

मी एक जुनी ताडपत्री आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी उसासे टाकतात. "आता आम्हाला कोण विचारतो?" म्हणून डोळे पुसतात. मी डोळे पुसणार नाही. माझ्यावर अन्याय झाला आणि मी त्याचा सूड घेतला. तो कसा घेतला, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

एका तंबू शिवणाऱ्याने मला स्वतःच्या घरासाठी म्हणून शिवले. जाड सुती कापडाचे सहा पट्टे त्याने एकमेकांना जोडले, प्रत्येक शिवण दोनदा मारली, वरून मेण चोळले आणि चार कोपऱ्यांत चार पितळी कड्या ठोकल्या. शेवटची कडी ठोकताना तो म्हणाला, "कापड कितीही दणकट असू दे, कोपरा गेला की कापड गेलं." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दर उन्हाळ्यात तो मला मागच्या अंगणात बांधत असे. बांधण्याची त्याची एक रीत होती. पाहुणे चार वाजता येणार असतील, तर आदल्या दिवशी बरोबर चारला तो अंगणात उभा राही, माझी सावली कुठे पडते ते बघे आणि तिच्याभोवती खडूने रेघ ओढी. मग दुसऱ्या दिवशी खुर्च्या त्या रेघेच्या आत. त्याची दोन मुले, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा, खडू धरायला मागे मागे असत. तो त्यांना सांगे, "सावली कापडाखाली बसून राहत नाही रे. ती चालते. आपण जेव्हा बसणार, तेव्हा ती कुठं पोचलेली असेल ते बघायचं." माझ्याखाली बसलेली माणसे म्हणत, "काय गारवा आहे!" आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

वर्षे गेली. तंबूवाल्याचे आजोबा झाले. त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा मला बांधण्या-सोडण्याचे काम धाकट्या मुलाकडे आले. थोरल्या मुलीची मुलगी भिंगरी त्याला झटपटमामा म्हणते, कारण त्याचे प्रत्येक काम झटपट असते. चांगले असतेच असे नाही.

पहिला अन्याय असा. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या शेवटी अवचित सर आली आणि मी भिजले. आजोबा खिडकीतून म्हणाले, "वाळू दे रे तिला. ओल्या कापडाची घडी घालू नये." मामा म्हणाला, "हो हो," आणि ओल्याचीच घडी घालून मला अडगळीच्या खोलीत रंगाच्या डब्यांखाली कोंबले. मित्रांनो, ओल्या घडीत काय होते ते सांगते. आधी कोंदट वास येतो, मग काळे ठिपके उठतात आणि मग शिवण आतून सडू लागते. ओरडायला मात्र तोंड नसते.

दुसरा अन्याय त्याहून मोठा. त्याच्या मोटारसायकलची बैठक फाटली. तो कात्री घेऊन आला आणि माझा एक कोपरा, कडीसकट, कचाकच कापून घेऊन गेला. ज्याच्या बापाने मला शिवले, त्यानेच! वर आजोबांना काय सांगितले? "बाबा, ताडपत्री उंदरांनी खाल्ली. टाकून दिली मी." आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. मला ते भिंतीपलीकडून कळले. त्याच दिवशी मी ठरवले, याची भरपाई झाल्याशिवाय मी सडायची नाही.

भिंगरीचा वाढदिवस ऐन उन्हाळ्यात येतो. गेल्या वर्षी मी नव्हते, म्हणून सगळे उघड्या अंगणात जमले. केक कापायच्या आधीच पोर उन्हाने चक्कर येऊन पडली. सुरी तशीच टेबलावर राहिली आणि पाहुणे चपला शोधू लागले. त्यामुळे यंदा पाचव्या वाढदिवसाची आखणी सुरू झाली, तेव्हा तिच्या आईने आधीच बजावले. अडगळीच्या खोलीची खिडकी अंगणाकडे आहे, मला सगळे ऐकू येत होते.

"सावली असेल तर बाहेर. नसेल तर घरात, आणि तेही चारच मुलं. गेल्या वर्षीसारखं मला पुन्हा नको."

"घरात पळता कुठं येतं?" भिंगरी म्हणाली. "मी अठरा जणांना सांगितलंय."

"अठरा? आपलं दहाचं ठरलं होतं ना?"

"दहा माझे मित्र. बाकीचे त्यांचे मित्र."

"ताई, तू काळजीच सोड," मामा म्हणाला. "नवं निळं छत आणलंय. दहा मिनिटांत उभं. हलकं तर असं की एका बोटावर उचलावं."

आजोबा हळूच म्हणाले, "उद्या चार वाजता खडूनं सावली आखून घेऊ या का? वाढदिवस परवा आहे. वेळ आहे."

"बाबा, आता कोण खडू घेऊन बसतंय! परवा सकाळी समोर दिसेलच की सावली."

मी अंधारात हसले. बाळा, तुझ्या वाटेत मला काटाही पसरावा लागणार नाही. तुझा तूच पसरतो आहेस.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी दहाला त्याने पूर्वेकडच्या भिंतीला लागून ते निळे छत उभे केले. सावली अंगणात छान पडली होती. त्याने सावलीत टेबल मांडले, खुर्च्या मांडल्या, फुगे बांधले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "झालं! याला म्हणतात काम."

मी वाट बघत राहिले. अकरा वाजले, बारा वाजले, सावली सरकू लागली. दोन वाजता ती टेबलावरून निसटली. साडेतीनला भिंत ओलांडून शेजाऱ्यांच्या खुराड्यावर जाऊन बसली. कोंबड्यांना वाढदिवस फार आवडला असावा. इकडे टेबलावर रणरणते ऊन पडले. फुगे एकेक करून फुटू लागले आणि प्रत्येक आवाजाला मी मनात मोजत होते, हा ओल्या घडीचा, हा उंदरांचा, हा कात्रीचा.

मामा धावला. दोऱ्या न सोडताच त्याने छत ओढले. बारीक नळ्या वाकल्या आणि छत पाय मुडपलेल्या टोळासारखे खाली बसले. दारात मुले जमू लागली होती. भिंगरीची आई बाहेर आली, टेबलावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला.

"चला, आत घ्या सगळं. चार मुलं राहतील, बाकीच्यांना मी खाऊ देऊन पाठवते."

भिंगरी रडली नाही. नुसती उभी राहिली, आणि कोणते चार, ते मोजू लागली. तिचे बोट पहिल्याच मुलावर अडकले.

मग ती एकदम वळली. "आजोबा, तुमची ताडपत्री आणू का?"

"ती गेली गं, बाळ. उंदरांनी खाल्ली."

"नाही! मी लपाछपीत तिच्यातच लपते. डब्यांच्या खाली आहे. तिला सोनेरी कड्या आहेत!"

मित्रांनो, मामाचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. त्या निळ्या छतापेक्षा निळा पडला होता.

मला बाहेर काढून अंगणात पसरले. आजोबांनी माझी एक कडी चाचपली, दुसरी चाचपली, तिसरी चाचपली. चौथीच्या जागी हात हवेत फिरला. कापलेली कड सरळ होती, कात्रीने कापलेली. ते काही बोलायच्या आत अठरांपैकी एक मुलगा ओरडला, "तो तुकडा तिकडे आहे! मोटारसायकलवर!"

सगळ्यांनी मोटारसायकलकडे पाहिले. बैठकीच्या कोपऱ्यावर माझी चौथी कडी लखलखत होती.

"उंदीर मोटारसायकल चालवतो वाटतं," भिंगरीची आई म्हणाली.

आजोबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बांधा. सावली घालवू नका."

दोन कड्या अंगणाच्या मधल्या उंच खांबांना बांधल्या. तिसरी पश्चिमेच्या बुटक्या खांबाला. चौथा कोपराच नव्हता. दोरी अडकवायची कुठे? हातात धरण्याइतके कापड मात्र तिथे उरले होते.

"मी धरतो," मामा म्हणाला. दुसरे काय म्हणणार?

त्याने धरले, आणि सावली बरोबर टेबलावर येऊन पडली. पश्चिमेची कड धरणारा मात्र स्वतः उन्हातच उभा राहतो. मला तेच हवे होते. वारा आला की मी फुगायची आणि त्याला पायाच्या बोटांवर उभे करायची. वारा पडला की अंग सैल सोडून त्याच्या खांद्यावर सगळा भार टाकायची. जरा हात खाली आला की मुले ओरडायची, "मामा, ऊन आलं! मामा, वर!" त्याच्या नाकावरून घाम टपटपत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. दोन तास, मित्रांनो! मी एक क्षणही सोडला नाही.

माझी एक शिवण कुजलेली होती. मनात आणले असते तर ऐन मेणबत्त्यांच्या वेळी टर्रकन फाटून त्याची शोभा करता आली असती. आणलेही होते मनात. पण खाली भिंगरी सुरी धरून उभी होती, गेल्या वर्षी राहून गेलेली सुरी. तिचे कपाळ सावलीत गार होते. मी शिवण घट्ट धरली. सूड ज्याचा त्याच्यावरच उगवावा, पोरीवर काढू नये.

केक कापून झाल्यावर पहिला तुकडा घेऊन ती माझ्या कडेपाशी आली. "मामा, आ कर."

त्याने आ केला. डोळ्यांत घाम होता की आणखी काही, मला ठाऊक नाही. तो म्हणाला, "बाबा, तो तुकडा मी परत जोडतो."

"झटपट नको," आजोबा म्हणाले.

पुढचे तीन रविवार ते त्याच्या शेजारी बसले आणि तो टाके घालत गेला. वाकडा टाका आला की आजोबा उसवायला लावत. तुकड्याचा रंग उडाला होता, तो माझ्या रंगाशी आता कधीच जुळणार नाही. बरे झाले. जो मला बांधेल, त्याला तो दिसेल.

मामाला मी माफ केले का? अजून नाही. त्याने दोरी ओढली की मी आजही थोडी जास्तच ताणते. पण आता तो मला कडक उन्हात वाळवून मगच घडी घालतो आणि भिंगरी आदल्या दिवशी खडूची रेघ ओढते, म्हणून विचार चालू आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे कुणी कोपऱ्यात पडलेले असेल. त्याला ओले ठेवू नका, त्याच्यावर कात्री चालवू नका आणि त्याच्याविषयी खोटे बोलू नका. आम्हाला तोंड नसते, पण आठवण असते. जिथे तुम्ही आम्हाला कापता, नेमके तिथेच एक दिवस तुम्हाला धरून उभे राहावे लागते.