एकशे चाळीस घोड्यांची गाडी

माझी थोरली बहीण तानाबाई घाटाखाली दिलेली. भुईबावडा घाट उतरला की थोडं आत एक गाव आहे, तिथं. मी तिला आक्का म्हणायची. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई मजुरीला जायची, तेव्हा मी आक्काच्या कडेवरच वाढले. गेल्या उन्हाळ्यात ती परसात पडली आणि तिचा खुबा मोडला. वय चौऱ्याऐंशी. छातीही नाजूक, म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून ती खाटेवरच होती. बसवत नव्हतं. कूस बदलायलाही दोन माणसं लागायची.

दिवाळी झाल्यावर तिच्या सुनेचा, अनुजाचा फोन आला. तिनं फोन आक्काच्या कानाशी धरला होता.

"इठे, मला एकदा मुडशिंगीला ने."

गडमुडशिंगी आमचं माहेर. तिथं आता आमचं असं कोणी नाही. चुलतभावाची नातवंडं आहेत. पण आक्काला माणसांपेक्षा आडाची आठवण होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या वस्तीनं आपल्या हातानं आड खणला. तोवर गावच्या विहिरीवर आम्हाला लांब उभं राहून कोणी घालील तेवढं पाणी घ्यावं लागायचं. आक्का तेव्हा सतरा वर्षांची होती. तिनं दोन महिने मातीच्या पाट्या वाहिल्या. मी काठावर बसून बघायची. पाणी लागलं त्या दिवशी तिनं ओंजळभर गढूळ पाणीच पिऊन टाकलं, आणि आमचे वडील, आबा, ओरडले, "आगं, निवळू दे तरी!"

"एक दिवस त्या आडाच्या कट्ट्याजवळ खाट टाक माझी," ती फोनवर म्हणाली. "मग मी कुटं बी मरते."

मी रुग्णवाहिकेचं काढलं, तर ती उखडली. "पांढऱ्या गाडीतनं गेले तर माणसं रडायलाच येतील. तसली नको."

मग मला धम्मपालची गाडी आठवली.

धम्मपाल माझा नातू, थोरल्या मुलाचा मुलगा. उचगावात त्याचं गॅरेज आहे. दोन वर्षं खपून त्यानं एका जुन्या टेम्पोवर घर बांधलं होतं. आत पलंग, संडास, स्वयंपाकघर, फ्रिज. पर्यटकांना भाड्यानं द्यायचं, असा त्याचा विचार. आतलं सगळं काम आमच्या गल्लीतल्या सुतारानं केलेलं. त्याला घरं सजवायची सवय. त्यानं कडप्प्याचा ओटा बसवला, सागवानी दिवाण केला, शिवाय लोखंडी कपाटही ठेवलं. "घर म्हटल्यावर घरागत नको व्हय?" असं त्याचं म्हणणं. बघणारे सगळे वा वा करत होते. मीही केली.

आक्काला झोपवून आणायला याच्यापेक्षा चांगली गाडी नव्हती. मी उचगावला गेले. धम्मपालनं नुकतंच इंजिन बदललं होतं. मोठ्या थाटात त्यानं मला पुढं नेऊन दाखवलं.

"आज्जी, जुनं सत्तर घोड्यांचं हुतं. खटारा. हे बघ, अपघातातल्या भारी कारचं हाय. पेट्रोल. एकशे चाळीस घोडी! गिअरबॉक्स बी तिचाच. आवाज येतोय का बघ."

आवाज खरंच येत नव्हता. मला तेच बरं वाटलं नाही.

माझे मालक, यल्लाप्पा, एकतीस वर्षं गुळाचा ट्रक चालवायचे. लग्न झालं तेव्हा त्यांना राहायला धड खोली नव्हती, म्हणून पहिलं वर्ष मी त्यांच्याबरोबर ट्रकमधूनच हिंडले. जाताना गूळ, येताना कोकणातली कौलं. घाट चढताना ते मला खाली उतरवायचे आणि हातात एक धोंडा द्यायचे. गाडी इतकी हळू चढायची की मी लुगडं खोचून तिच्या मागच्या चाकाशेजारून आरामात चालायची. थांबली तर धोंडा चाकामागं टाकायचा, एवढं माझं काम. एकदा मी विचारलं होतं, ही अशी गोगलगायीसारखी का चालते, पळवा की. ते हसले. "घोडा पळतोय, रेडा वडतोय. घाटात पळायचं नसतंय, वडायचं असतंय. इंजिन हळू फिरत असताना बी ज्याच्यात दम ऱ्हातोय, तेच घाट चढतंय."

म्हणून मी धम्मपालला विचारलं, "हळू फिरताना ओढ किती हाय ह्याला?"

तो चमकला. "टॉर्क म्हणतीस व्हय? आयला, आज्जी मेकॅनिक झाली! हाय की टॉर्क. पर लई वर, मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांना."

"आन चढाला एवढ्या वजनाखाली ते साडेचार हजार फिरायचं कसं?"

"कसं म्हंजे? पळवायची की दणक्यात." मग त्यानं इंजिन बंद केलं. "जुनं इंजिन परत बसवता येतंय. पर महिना लागंल, आज्जी."

महिना. अनुजानं आदल्याच दिवशी सांगितलं होतं की आक्का आता दोन घास पेजेवर आली आहे. मी गाडीच्या आत बघितलं. पलंगावर निळी चादर होती, खिडकीला पडदा होता. मी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चढंल."

ती चढणार नाही, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. आयुष्य ज्याच्याबरोबर काढलं, त्याचं बोलणं मी विसरले नव्हते. मी ते बाजूला ठेवलं, एवढंच.

शनिवारी सकाळी निघालो. आधी मुडशिंगीला जाऊन चुलतभावाच्या नातवाला सांगितलं, अंगण झाडून ठेव, सांजच्याला आक्काला आणतो. आडाला आता मोटर बसवली आहे. धम्मपालनं तिथंच गाडीतली पाण्याची टाकी काठोकाठ भरून घेतली, तीनशे लिटर. गगनबावड्यापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. घाट उतरताना तर धम्मपाल गाणं गुणगुणत होता.

आक्का मुठीएवढी झाली होती. गादीसकट उचलून तिला पलंगावर ठेवलं. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. तिनं हातानंच ओटा चाचपला, पडदा ओढून बघितला. "बया! माझ्या घराला असला वटा न्हाई, आन गाडीला हाय!"

निघायला लागलो तर अनुजा दारातून पोतं ओढत आली. त्याच्यामागून दुसरं. तांदूळ, नारळ, दोन मोठे कोहळे, कोकमाची बरणी.

"आगं, गाडीला वजन हुतंय," मी म्हणाले.

"मावशी, माहेराला निघालीत आई. रिकाम्या हातानं पाठवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

आक्काही पलंगावरून म्हणाली, "घे गं. भावाच्या पोरांच्या हातावर काय ठेवू?" घेतलं. अनुजाही बरोबर बसली.

पहिली दोन वळणं धम्मपालनं वेगाच्या जोरावर काढली. तिसऱ्या वळणाला समोरून एसटी आली आणि वेग मोडावा लागला. तिथून इंजिन नुसतं किंचाळायला लागलं आणि गाडी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. मग जळक्या रबरासारखा वास आला.

"क्लच," धम्मपाल म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. गाडी थांबली, आणि इंचाइंचानं मागं यायला लागली.

मी कधी उतरले मला कळलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई मी, गुडघे दुखतात. पण रस्त्याकडेचा धोंडा उचलून मी मागच्या चाकाला लावला आणि गाडी थोपली.

गाडी निववून पुन्हा चढवू, असं ठरलं. तोवर वजन कमी करायचं. पोती उतरवली, नारळ उतरवले, कोहळे कठड्यावर मांडून ठेवले. अनुजा रडत होती. कपाट दोघांना हलेना. ओटा तर भिंतीतच बसवलेला. शेवटी धम्मपालनं खाली वाकून टाकीचा नळ सोडला. पाणी रस्त्यावरून उताराला धावायला लागलं, आणि मला आठवलं की ते आमच्या आडाचं पाणी आहे. मी घाईनं तांब्या खाली धरला. अर्धा भरला.

"आक्का, पाणी पी. आपल्या आडाचं हाय."

तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "प्लास्टिकचा वास येतोय. आपलं न्हाय हे." बाकीचं पाणी तिनं परत माझ्या हातात दिलं.

एवढ्यात खालून चिऱ्याचा ट्रक आला. जुना, धूर ओकणारा, आमच्या गाडीच्या तिप्पट वजन घेतलेला. माणसाच्या चालीनं तो आमच्या शेजारून वर चालला होता. एकच सूर, घरघर, घरघर, न वाढणारा न उतरणारा. डोळे मिटले असते तर मला आत यल्लाप्पा दिसले असते. चालकानं मान बाहेर काढली.

"काय पावणं, घर बांधलंसा, आन वडायला घोडं जुपलंसा व्हय?"

"मामा, जरा दोर लावतासा का?" धम्मपाल हात जोडून ओरडला.

"चढाला थांबलो तर मी बी तुमच्याच रांगंत बसंन! वर जाऊन कुणाला तर सांगतो."

तो गेला. वळणावळणावर त्याचा आवाज येत राहिला आणि मग वर कुठंतरी विरला.

गाडी निवल्यावर धम्मपालनं दोनदा प्रयत्न केला. मी आणि अनुजा उतरून मागून चालत होतो, माझ्या हातात धोंडा. पहिल्या खेपेला गाडी चाळीस पावलं चढली. दुसऱ्या खेपेला चाकं हललीच नाहीत. इंजिन फिरत होतं आणि गाडी जागची ढिम्म. आता गाडीत फक्त आक्का होती. तिच्याखेरीज उतरवायला काही उरलं नव्हतं.

धम्मपाल स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. "तू मला सांगितलंतंस, आज्जी."

"मी चढंल म्हणून बी सांगितलंतं," मी म्हणाले.

धम्मपालनं फोन लावून बघितला, पण वरून क्रेन यायला रात्र होणार होती, आणि उलट्या तोंडानं उचलून नेताना आत माणूस ठेवता येणार नव्हता. आक्काचा चेहरा पांढरा पडत चालला होता. खाली जाणं एवढंच हातात होतं. मी आत गेले आणि तिच्या उशाशी बसले. इंजिन बंद होतं, सगळं शांत होतं. मला काय सुचलं कोण जाणे. तिला दिसत नाही, हे मनात आलं असावं.

"आलो आक्का," मी म्हणाले. "मुडशिंगी आली."

तिनं हात लांबवून माझं मनगट धरलं.

"आलो? मग माझं डोस्कं खाली आन पाय वर कसं गं? मुडशिंगीला एवढा चढ न्हाय."

मी तिला लहानपणीही कधी फसवू शकले नव्हते.

"फिरव गाडी," ती म्हणाली. "त्या पोराला म्हणावं, रडू नको. लई गुळगुळीत गाडी हाय त्येची."

जाणाऱ्या दोन मोटरसायकलवाल्यांनी हात लावला आणि वळणावरच्या रुंद जागेत गाडी फिरवली. पोती परत आत टाकली. उताराला गाडी काय सुरेख पळाली. आक्का वाटेत डोळे मिटून होती. घरी पोचल्यावर तिला जुन्या खाटेवर ठेवलं, तेव्हा तिनं भिंतीकडं तोंड वळवून द्यायला सांगितलं. आम्ही दोघींनी वळवलं. मी निघताना ती माझ्याशी बोलली नाही. झोप लागली असेल, असं अनुजा म्हणाली.

अकराव्या दिवशी फोन आला. मी एसटीनं गेले. माती तिथंच झाली, घाटाखाली.

धम्मपालनं जुनं इंजिन परत बसवलं. ओटा फोडून काढला, कपाट विकलं. सगळं मिळून अठ्ठावीस दिवस लागले. मी कॅलेंडरवर मोजले होते, कशासाठी ते माहीत नाही.

गेल्या महिन्यात तो मला चाचणीला म्हणून त्याच घाटात घेऊन गेला. नको म्हणाले तरी ऐकेना. खाली उतरून आम्ही लगेच वर वळलो. पहिला गिअर, घरघर, माणसाच्या चालीची गाडी. तिसरं वळण आलं. माझा धोंडा रस्त्याकडेला तसाच पडला होता, मी ओळखला.

"थांबू व्हय जरा, आज्जी?" धम्मपालनं विचारलं.

"घाटात थांबायचं नसतंय," मी म्हणाले.

मागं पलंगावरची निळी चादर चढामुळं हळूहळू घसरत खाली येत होती. माथ्यावर पोचेपर्यंत ती सगळी जमिनीवर आली.

"बघ, चढली की!" धम्मपाल म्हणाला.

"व्हय," मी म्हणाले. "चढली."