शेवटची दोन मिनिटं

रॉस्को टिबेट्स खेळणं सोडून रेडिओवर बास्केटबॉलची कॉमेंट्री करायला आला, तेव्हापासून त्याच्यासोबत कॉमेंट्री करणाऱ्या लोर्नाला एक कोडं सुटत नव्हतं. मॅच रंगात आली की हा बाबा मिळमिळीत बोलायचा. निकाल लागल्यात जमा झाला, लोक पॉपकॉर्नचे डबे टाकून पार्किंगकडे पळायला लागले, की याच्या अंगात यायचं!

आजही इंडियानाचा संघ तीस गुणांनी पुढे होता. कोचने बाकावरच्या अगदी शेवटच्या पोराला उठवलं.

"कीनन उठला! जॅकेट भिरकावलं, बुटाची नाडी आवळली..." रॉस्को उभा राहून ओरडत होता.

मॅच संपताच लोर्ना उसळली. "अरे, घसा कशाला फोडतोस? तेव्हा ऐकत कोण असतं?"

"कीननची आई."

"तू काय तिच्या घरी जाऊन आलास?"

रॉस्कोने हेडफोन काढून ठेवला. "मी सहा वर्षं बाकच उबवला, बाई. मिळायची ती हीच दोन मिनिटं. आई तिकडे आमच्या गावी, गॅरीत, रेडिओला कान लावून बसायची. अख्ख्या कारकिर्दीत एकदाच माझा बॉल जाळीत गेला."

"मग? नाचली असेल ती!"

"कसली नाचतेय! तुमचा कॉमेंट्रीवाला तेव्हा टायरची जाहिरात वाचत होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, तरी म्हातारी अजून विचारते, 'खरं सांग रे, गेला होता ना?'"