पुढची फळी

नोएमीनं हँडलवरचं बटण दाबलं. बारीक घरघर करत होडीच्या मोटरचा आखूड दांडा वर उचलला गेला आणि पंखा तिच्या गुडघ्याशी येऊन थांबला. तिनं पुन्हा दाबलं. दांडा खाली गेला.

"हीच," ती म्हणाली.

वर्कशॉपच्या दारात व्हर्लीन उभी होती. तिच्या अंगात पपांचं खाकी जाकीट होतं. उजव्या कोपरावर ठिगळ होतं आणि त्याचे टाके नवे होते. पपांना सुईत दोरा ओवता येत नसे, हे नोएमीला माहीत होतं.

"ही पळते खरी," अल्सीदकाका हात पुसत म्हणाले. तीस-चाळीस वर्षं बायूच्या संथ, दलदली पाण्याच्या काठी त्यांचं हेच काम चाललं होतं, बदकांच्या शिकाऱ्यांना चिखलातून होडी काढील अशी मोटर बसवून देणं. "पण जड आहे. मागं बसवलीस की होडीचं ढुंगण बसलंच खाली."

"आणि ती?" नोएमीनं भिंतीला टेकवलेल्या दुसऱ्या मोटरकडे बोट केलं. तिचा दांडा माणसापेक्षा लांब होता.

"ती हळू जाते. दंड भरून येतात. पण हलकी आहे. चार बोटं पाण्यात चालते, पाण्याखाली झाडाचा बुडखा आला तर त्याच्यावरून उडी मारून जाते. दोन्ही हवेवर थंड होतात, चिखल ओढत नाहीत. आता तुम्हाला घाई आहे का खांदे आहेत, ते तुम्ही ठरवा."

"म्हातारा लांब दांड्याचीच घेणार होता," व्हर्लीन म्हणाली. "जुनी बुडख्याला अडकून मोडली ना गेल्या हिवाळ्यात, तेव्हाच म्हणाला होता. आम्ही दबा धरायचो त्या लपणाच्या मागं बुडखे फार आहेत, मिस नोएमी. आखूड दांड्याचा पंखा तिथं टिकणार नाही."

म्हातारा. नोएमीनं तो शब्द ऐकला आणि पुन्हा बटण दाबलं. तिच्या स्वतःच्या वडिलांना ही पोरगी म्हातारा म्हणत होती, आणि तिला स्वतःला मिस म्हणत होती, पाहुण्या बाईला म्हणावं तसं.

ऑगस्टमध्ये पपा शेडमध्ये पडले, तेव्हा त्यांना आधी व्हर्लीननं पाहिलं. ह्यूस्टनला फोनही तिनंच केला. अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर लोक आधी व्हर्लीनला मिठी मारत आणि मग नोएमीकडे वळून हात पुढे करत. व्हर्लीनबरोबर पपांनी शिकारीचे नऊ मोसम काढले होते. नोएमीबरोबर चार. तेराव्या वर्षी आई तिला घेऊन ह्यूस्टनला गेली आणि त्यानंतर पपांनी एकदाही 'शिकारीला ये' म्हटलं नव्हतं. वाढदिवसाला कार्ड यायचं, ख्रिसमसला गोठवलेली बदकं यायची, कागदात गुंडाळून, तारीख घालून.

होडी मात्र तिच्या नावे ठेवली होती. एकटी होडी, मोटर नसलेली. शनिवारी मोसम सुरू होणार होता. व्हर्लीननं बुधवारी फोनवर विचारलं होतं, विकणार असाल तर मला द्याल का? नोएमी म्हणाली होती, नाही, मी मोटर बसवणार आहे. हे ती का बोलली, ते ह्यूस्टनपासूनच्या पाच तासांच्या रस्त्यात तिला कळलं नव्हतं. एवढंच माहीत होतं, की त्या होडीत ही मुलगी बसलेली तिला नको होती.

"पाण्यात न टाकता मी मोटर विकत नाही," अल्सीदकाका म्हणाले. "शनिवारी जेवढं सामान नेणार तेवढं भरा. मग बघू कशी बसते."

होडी धक्क्याच्या मागच्या उथळ पाण्यात बांधलेली होती. व्हर्लीन भरू लागली. तिला काही विचारावं लागत नव्हतं. खऱ्या बदकांना भुलवायच्या नकली बदकांच्या दोन जाळ्या मधे, एकीवर एक. ढकलायचा बांबू डाव्या कडेला, टोक मागे. लपणावर पांघरायचं वाळकं गवत बांबूखाली. छातीपर्यंतचे रबरी बूट उलटे. पिस्ताश नावाचा पपांचा काळा कुत्रा धक्क्यावरून उडी मारून आत गेला आणि व्हर्लीनच्या टाचेशी बसला. नोएमीनं त्याला हाक मारली. त्यानं नम्रपणे मान वळवली, पण तो जागचा हलला नाही.

शेवटी व्हर्लीननं शेडमधून एक पोतं ओढत आणलं आणि होडीच्या पुढच्या फळीवर ठेवलं. आत कालव्यांचे रिकामे शिंपले खळखळले.

"हे कशाला?" नोएमीनं विचारलं.

"पुढचं वजन. म्हाताऱ्याची जुनी मोटर म्हणजे लोखंडाचं धूड, त्यानं स्वतः जोडलेलं. पुढं काही नसलं की होडी नाक वर करून उभी राहायची."

"मग तू होतीस ना. तू बसायचीस पुढं."

व्हर्लीन हसली, पण ते हसू धड नव्हतं. "मी? मी नऊ वर्षं या जाळ्यांवर बसलेय, मिस नोएमी. नकली बदकांच्या चोची कुठं कुठं टोचतात ते मला विचारा. पहिल्या वर्षी बसले होते पुढं जाऊन. म्हणाला, ऊठ. नुसतं ऊठ. मी म्हटलं, अहो, पोतं कशाला वागवता, मी आहे की जिवंत, माझं वजन फुकट आहे. तर दिवसभर बोलला नाही माझ्याशी. कॉफीसुद्धा दिली नाही."

तिनं पोत्याचं तोंड घट्ट ओढलं. "देवाला ठेवतात तसं ठेवायचा याला. माझा तर जळफळाट व्हायचा. पोत्याचा, सांगा आता!"

नोएमीनं पाहिलं, व्हर्लीनचे कान लाल झाले होते.

"ते इकडं आण," अल्सीदकाकांनी हाक मारली. "जड मोटर बसवायची तर पुढं किती लागेल ते बघायला हवं."

धक्क्यावर कोळंबी तोलायचा काटा होता, लोखंडी तबकडीचा. नोएमी तो विसरली नव्हती. दर मोसमाच्या आधी पपा तिला त्यावर उभं करत. तेव्हाही होडी हीच होती, आणि पुढच्या फळीवर ती बसायची, हातात टॉर्च, पाय दोरीच्या वेटोळ्यात. शेवटच्या वर्षी ती बूट घालून उभी राहिली होती, कारण पपा म्हणाले होते, बूट घालूनच तर तू होडीत बसणार. काटा थरथरून थांबला, आणि पपा धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले होते, "पंच्याऐंशी! झाली आमची होडी सरळ!" सगळे हसले. तेरा वर्षांच्या मुलीचं वजन ओरडून सांगतात का, म्हणून ती घरी जाईपर्यंत रुसली होती.

त्याच ख्रिसमसनंतर आईनं बॅगा भरल्या.

व्हर्लीननं पोतं काट्यावर टाकलं. अल्सीदकाकांनी चष्मा वर करून पाहिलं, पण न पाहताच सांगितलं असतं अशा सुरात म्हणाले, "पंच्याऐंशी पौंड. दुसरं काय असणार?"

"म्हणजे?" नोएमीनं विचारलं.

"दर ऑक्टोबरात तुझा बाप हे घेऊन यायचा. शिंपले झिजतात, पोतं फाटतं. मग दोन शिंपले घाल, एक काढ, काटा पंच्याऐंशीवर येईपर्यंत माझी सकाळ खायचा. मी म्हणायचो, ओझेम, शंभर भर, शंभरला तुझी होडी पाण्यावर अशी बसेल ना, टेबलासारखी! ऐकेल तर शपथ. म्हणायचा, आमच्या होडीचं पुढचं वजन पंच्याऐंशी." त्यांनी खांदे उडवले. "वयाबरोबर माणसाला एकेक खूळ लागतं."

"पण पंच्याऐंशीच का?" व्हर्लीननं विचारलं. तिनं आधी काकांकडे आणि मग नोएमीकडे पाहिलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. नऊ वर्षं तिला ते जाणून घ्यायचं असावं.

नोएमीचा हात पोत्यावर होता. गोणपाट ओलं आणि खरखरीत होतं. उत्तर तिच्या तोंडाशी आलं होतं. ते देणं अवघड नव्हतं, आणि ही मुलगी त्याची हक्कदारही होती. टाके तिनं घातले होते, फोन तिनं केला होता.

"कुणास ठाऊक," नोएमी म्हणाली.

पाण्यात होडी मोकळ्या टोकानं हळूच वर-खाली होत होती. पिस्ताशनं जांभई दिली.

"लांब दांड्याची बसवा, काका," नोएमी म्हणाली. "हलकी. तिला पुढं वजन लागणार नाही ना?"

"मुळीच नाही. एक माणूस, एक कुत्रा, झालं."

"मग तीच. होडी व्हर्लीनच्या नावे करून द्यायची आहे. कागद कुठं मिळतात ते सांगा."

व्हर्लीननं जाकिटाच्या बाहीनं नाक पुसलं. "मिस नोएमी, मी तिची किंमत—"

"नोएमी म्हण," ती म्हणाली. "आणि बदकं पाठवत जा. तारीख घालून. पोतं मात्र मी नेते."

"हे? काय करणार याचं?"

"बागेत घालीन."

व्हर्लीन एक टोक धरायला पुढे आली, पण नोएमीनं मान हलवली. तिनं पोतं कवेत घेतलं, मग कमरेवर सरकवलं, आणि एका बाजूला कलत, दोनदा थांबत, धक्क्यावरून गाडीपर्यंत नेलं. मागच्या डिकीचं झाकण उघडं होतं. तिनं ते कोपरानं बंद केलं आणि पोतं पुढच्या सीटवर ठेवलं.

गाडी सुरू केल्याबरोबर घंटी वाजू लागली. काचेखाली लाल दिवा लुकलुकत होता, शेजारी बसलेल्या माणसानं पट्टा लावलेला नाही म्हणून. आरशात व्हर्लीन धक्क्यावर हात हलवत होती. घंटी वाजतच राहिली.

नोएमी वाकली, पट्टा ओढून पोत्यावरून घेतला आणि खिटी लावली. घंटी थांबली.