खाली घेतलेला माणूस

साहेबाने हैबतीच्या दंडातली सुई काढली, अंगठ्याने ती जागा चोळली आणि सावळाराम मास्तरांकडे पाहून म्हटले, "टेल देम नॉट टु गिव्ह अप."

एवढे बोलून तो हात धुवायला बाहेर गेला. हिवतापाच्या पाहणीसाठी वेल्ह्याकडे आलेला हा इंग्रज डॉक्टर. भोरच्या शाळेतून मास्तरांना त्याने दुभाष्या म्हणून मागून घेतले होते. तोरण्याच्या पायथ्याच्या धनगरवाड्यावर एक जण तापाने बेशुद्ध पडला आहे असे कळले, म्हणून दोघे चढण चढून आले होते.

'गिव्ह अप'चा अर्थ मास्तरांना कोणी शिकवायची गरज नव्हती. सोडून देणे, त्याग करणे, नाद सोडणे, हार मानणे, स्वाधीन करणे. वर्गातली पोरे हे अर्थ पाढ्यांसारखे घोकत आणि एखादा गाळला की छडी खात. तेव्हा काम सोपेच होते.

"साहेब म्हणतात, धीर सोडू नका," मास्तरांनी सांगितले.

हैबतीचा बाप रायबा उशाशी उकिडवा बसला होता.

"धीर कशापायी सोडू? समदं रीतीनं केलंय, मास्तर."

"तसं नव्हे. म्हणजे, हार मानू नका."

"आमची कुनासंगं कुस्ती हाय व्हय?"

"अहो, आशा सोडू नका! औषध पोटात नाही, रक्तात गेलंय. उद्यापर्यंत अंगात ऊब राहिली तर माणूस वाचेल."

रायबाने मान डोलावली. पाहुण्याचे बोलणे मोडू नये म्हणून डोलावतात तशी. हैबतीची बायको सोजराबाई तान्ह्या पोरीला छातीशी धरून दाराशी उभी होती. ती मात्र मास्तरांकडे टक लावून पाहत राहिली.

मास्तरांच्या तळव्यांना गार लागले. त्यांनी खाली पाहिले. जमीन नुकतीच सारवलेली होती, शेण अजून ओले होते आणि हैबती त्या ओल्यावर अंगाखाली काही न घेता पडला होता. ओठाला तुळशीचे पान चिकटले होते. बाज भिंतीशी उभी करून ठेवली होती. या लोकांची निजायची तऱ्हाच अशी, असे साहेबाला वाटले असणार. मास्तरांना तसे वाटायला जागा नव्हती. त्यांच्या घरीसुद्धा माणूस जायला लागला की बाजेवरून खाली घेत. इथे रायबाने घाई केली होती. पोरगा श्वास घेत होता, अंग कापत होते, आणि आपण मघापासून शब्द निवडत बसलो आहोत! मास्तरांना स्वतःची भयंकर चीड आली.

"उचला त्याला," ते म्हणाले. "बाजेवर घ्या. आत्ता."

कोणी हलले नाही.

"म्या माज्या हातानं खाली घेतलाय," रायबा शांतपणे म्हणाला. "खाली घेतल्याला मानूस परत उचलत न्हाईत, मास्तर. उचलला तर ती जागा घरातलंच दुसरं मागती. आमच्या वाड्यावर आजवर कुनी उचलला न्हाई."

"असलं काही नसतं!"

"तुमच्यात नसंल."

त्याची नजर सोजराबाईने छातीशी धरलेल्या तान्हीवर गेली. पोरगी मूठ चोखत होती. मास्तरांनीही तिच्याकडे पाहिले. चुकलो आणि त्या पोरीला उद्या काही झाले, तर ह्या माणसांना तोंड कसे दाखवायचे? बाहेर साहेबाने तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला.

सोजराबाईने डोळे पुसले नाहीत की काही नाही. ती भिंतीकडे गेली आणि एका हाताने बाज आडवी पाडली.

"मामंजी, उचला त्येनला."

"आन् पोरीचं गं?"

"उचला म्हंते ना."

 रायबा गुडघ्यांवर हात रेटून उठला.

"पोरीला भायेर ने. चुलतीकडं दे. म्या हाक मारल्याबिगर आत आनू नगंस."

ती गेल्यावर त्याने मुलाच्या काखेत हात घातले. मास्तरांनी पाय धरले. हैबती जड होता, आणि बाजेवर ठेवताना कण्हला. ते कण्हणे ऐकून म्हाताऱ्याचा चेहरा एकदम रडवेला झाला. त्याने घोंगडी ओढली, पोराच्या गळ्यापर्यंत दाबून घेतली, ओठावरचे पान काढून टाकले.

मग त्याने आपले मुंडासे उतरवून कोनाड्यात ठेवले आणि ओल्या जमिनीवर, पोराच्या अंगाचा ठसा उमटला होता बरोबर तिथे, तो उताणा झोपला.

"रायबा! हे काय?"

"जागा रिकामी ठिवू नये," तो आढ्याकडे बघत म्हणाला. "तिला कोन तरी पायजे. पोरगी लई ल्हान हाय."

मास्तर त्याचा दंड धरून ओढू लागले. म्हातारा काटक होता, हलला नाही. तेवढ्यात साहेब दारातून वाकून आत आला. बाजेवरचा रोगी पाहून त्याला आनंद झाला. खाली पडलेला म्हातारा पाहून त्याने भुवया उंचावल्या.

"सायबाला सांगा, दमलोय म्हनावं," रायबा पुटपुटला.

मास्तरांनी सांगितले. साहेब भला माणूस. त्याने स्वतःच्या खांद्यावरची लोकरीची शाल काढली आणि गुडघे टेकून म्हाताऱ्याच्या अंगावर नीट पसरली.

रायबाने ती चाचपून पाहिली. मग एका हाताने वर, बाजेवर ढकलली.

"पोराला घाला," तो म्हणाला. "मला ऊब नगं."