अकरा फरश्या

पांढऱ्या प्लास्टिकचा तो तुकडा नखाएवढा होता – अधिकाच्या चिन्हासारखा, दोन फरश्यांमधली फट बरोबर दोन मिलिमीटर राखणारा – आणि नूतन तो चिमटीत फिरवत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. समोर ओटा, ओट्यापुढे खरबरीत सिमेंटचा चौकोन. अकरा फरश्यांची जागा. बाकीची जमीन दिवाळीनंतर लगेच झाली होती. एक खोकं वाटेत फुटलं आणि एवढीच राहिली.

आज सकाळी त्या अकरा आल्या. बॅच नंबर दुसराच. तिने एक खिडकीशी नेऊन जुन्या फरशीला लावून पाहिली… किंचित पिवळट. दुसऱ्या कुणाला दिसला नसता एवढा फरक. पण एकोणीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत द्रावणाचा रंग पालटतो तो थेंब पकडणाऱ्या डोळ्यांना तो दिसायचाच.

मार्गशीर्षातही दिसला होता. तेव्हा दुकानदार ह्याच बॅचच्या फरश्या दुसऱ्या दिवशी पाठवायला तयार होता, आणि तिने शांतपणे सांगितलं, नको, पहिल्याच बॅचच्या हव्यात, मी थांबेन. मग कारखान्यात फरश्यांच्या भट्टीला गॅस मिळेना, गॅसचं जहाज कुठल्या तरी समुद्रात अडकलेलं. भट्टी पेटली तेव्हा तो रंग बंद झालेला. दुकानदार दर आठवड्याला नवं कारण सांगायचा आणि ती ते वहीत तारखेसह लिहायची, जणू कारण नीट लिहिलं की फरशी येते.

आई चाकांच्या खुर्चीत. ओटा तिच्यासाठीच बुटका बांधून घेतला होता – बसल्यावर तिचं कोपर जमिनीपासून अडुसष्ट सेंटिमीटर, नूतनने तीनदा मोजलं होतं. पण चौकोन दोन बोटं खोल. पुढची चाकं त्यात उतरली की खुर्ची कलायची. म्हणून आई ह्या उंबऱ्यापर्यंत यायची आणि थांबायची. इथूनच नव्या ओट्याकडे बघत मेथी निवडायची. “छान शे,” म्हणायची. कधी कुरकुर नाही. माघात ती गेली.

ओट्याला ती एकदाही शिवली नाही. हातसुद्धा लावला नाही.

आणि आता चार दिवसांवर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. गेलेल्या माणसाच्या नावाने भरायची ती घागर, आईची पहिली.

काल धुळ्याहून नवलनानांचा फोन आला होता. वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी ठरवूनच टाकलं होतं: घागर धुळ्याला भरायची, सगळे भाऊबंद तिथे येतात, आणि नूतनकडे तर स्वयंपाकघरच उघडं पडलेलं. पुरण शिजवशील कशावर, तुझ्या प्रयोगशाळेतल्या बर्नरवर का, असं म्हणून ते हसले. तिने बघते म्हणून फोन ठेवला होता.

वडिलांची पहिली घागरही तिथेच भरली. नूतन नऊ वर्षांची. गव्हाच्या राशीवर घागर, तिच्यावर डेरगं, म्हणजे छोटं मडकं, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि दोन आंबे… आणि आई दाराच्या चौकटीत उभी. नव्यानेच विधवा झालेली, आत ये म्हणायचं कुणाला सुचलं नाही. तिने आणलेल्या सांजोऱ्या काकूंनी हातातून घेतल्या आणि आत नेल्या.

दोनदा. एकदा त्यांनी आईला चौकटीत थांबवलं, एकदा मी, नूतनच्या मनात आलं. त्यांच्याकडे रीत होती, माझ्याकडे बॅच नंबर.

आत गवंडी तोतारामभाऊ सिमेंट कालवत होते. त्यांनी तोड काढली होती: फ्रीजखालच्या जुन्या फरश्या उचलून पुढे लावायच्या, ह्या पिवळ्या फ्रीजखाली घालायच्या, ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आणि मग थोड्या संकोचाने त्यांनी ओट्यावर थाप मारली.

“ताई, आते हाऊ ओटा भी वर उचली लेऊत. बसीसन सैपाक करनारं कोन शे आते? तुमनी कंबर जाई.”

“ओटा असाच राहील,” ती म्हणाली. “आणि ह्या अकरा पुढेच लावा. मधोमध. कुणीही आलं की आधी त्या दिसल्या पाहिजेत.”

त्यांनी थापी थांबवून तिच्याकडे पाहिलं. ह्याच बाईने पाऊण मिलिमीटरसाठी तीन फरश्या उखडायला लावल्या होत्या. पहिली पिवळट फरशी सिमेंटवर टेकली, लाकडी हातोडीचे चार ठोके.

तिने नानांना फोन लावला.

“नाना, आईची घागर इथे भरणार. माझ्या घरी. मी भरणार.”

नाना म्हणाले, “आणि कोनी उनं नही तर?”

नाही आलं कुणी तर पुरण किती घालायचं, डेरगं कुणाच्या हातून ठेवायचं… काहीच मोजलेलं नव्हतं. नवल एवढंच की ते न मोजलेलं तिला बोचत नव्हतं. “पाट मांडलेले असतील,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

तोतारामभाऊंनी हात पुढे केला. फटीसाठी तो प्लास्टिकचा तुकडा हवा होता. नूतन उंबरा ओलांडून आत आली आणि तिने मूठ उघडली. तळव्यावर अधिकाचं चिन्ह लालसर उमटलं होतं, आणि ते पुसट होत जाताना ती बघत राहिली, घाई न करता, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभी राहून.